हर्षलासाठी शिफारसपत्र

“मॅडम, वाचू नका. नुसती सही करा,” हर्षला म्हणाली. तिने तीन टाइप केलेले कागद माझ्यासमोर सरकवले आणि त्यांच्यावर पेन ठेवलं.

मी चष्मा लावला.

“लावला चष्मा,” ती म्हणाली. “संपलं सगळं.”

ऑक्टोबर होता. द्राक्षांचा हंगाम अजून तीन महिने लांब. आमचं पॅकहाऊस पिंपळगावच्या अलीकडे हायवेला लागून होतं. पॅकिंगची लांब टेबलं धुऊन भिंतीशी उभी केलेली, शीतगृहाची दारं वाळण्यासाठी उघडी टाकलेली. मी तिथे गुणवत्ता विभाग बघत होते. परदेशी जाणारा प्रत्येक कंटेनर माझ्या किंवा माझ्या हाताखालच्या माणसाच्या सहीनेच फाटकाबाहेर पडायचा. हर्षला गांगुर्डे ही त्या माणसांतली एक. चांदवडजवळच्या एका शाळामास्तरांची मुलगी, शेतकी पदवी घेऊन चार वर्षांपूर्वी आमच्याकडे लागलेली.

तिला मॅनेजमेंट शिकायला जायचं होतं. साध्यासुध्या कॉलेजात नाही, दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत. परीक्षेतले गुण तिचे उत्तम होते, शंभरातल्या अठ्ठ्याण्णव मुलांच्या पुढे. पण मागच्या वर्षी तेवढ्याच गुणांवर तिला साधं मुलाखतीलाही बोलावलं नव्हतं. तेव्हा तिला कळलं की तसे गुण तिथे सगळ्यांचेच असतात. गुणांपलीकडे माणूस काय आहे ते अर्जात दिसावं लागतं. म्हणून यंदा ती दर रविवारी नाशिकला एका क्लासला जात होती. तिथले सर फक्त अर्ज कसा भरायचा ते शिकवायचे.

“सर म्हणतात, नेतृत्व पाहिजे, समाजकार्य पाहिजे, अपयश पाहिजे.”

“अपयश पाहिजे?”

“पाहिजे. पण असं, की शेवटी ते यशच निघालं पाहिजे.”

मी वाचायला लागले. पत्र माझ्या नावाने होतं, इंग्रजीत. पहिल्याच वाक्यात, पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतकी गुणी मुलगी मी पाहिली नव्हती.

“मला नोकरीला अठरा वर्षं झाली, हर्षला.”

“मॅडम, पंचवीस वाचायला बरं वाटतं.”

“हे वृक्षारोपण कधी केलंस?”

“ऑगस्टमध्ये. क्लासतर्फे. तीस झाडं. फोटो आहे.”

“जगली?”

“फोटोत जगलीयेत,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो.

मग मी दुसऱ्या पानावर आले आणि माझं हसू थांबलं. संस्थेच्या फॉर्मवर वरिष्ठाला पाच प्रश्न होते. चौथा असा: अर्जदाराच्या हातून झालेली एखादी गंभीर चूक आणि त्यानंतर तिचं वागणं, प्रत्यक्ष प्रसंगासह लिहा. त्याखाली हर्षलाने टाइप केलं होतं की मागच्या वर्षी फेब्रुवारीत, वरून दबाव असतानाही, तिने एक कंटेनर फाटकात अडवला आणि कंपनीची लाज राखली.

“हे घडलं नाही,” मी म्हणाले.

तिने टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं.

“कंटेनर तू अडवला नाहीस. तू सोडलास.”

“माहितीये मॅडम. मला नसेल माहिती तर कुणाला?”

त्या कंटेनरची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना माहीत होती. द्राक्षं बोटीवर चढण्याआधी मण्याच्या आतलं तापमान एक अंशापर्यंत उतरवावं लागतं. मण्यात सुईचा थर्मामीटर टोचून ते बघतात. त्या दिवशी खोक्यांची चळत रचलेल्या वीस पॅलेटांपैकी दोन पाच अंशांवर होती आणि कंटेनर गेला. तेवीस दिवसांनी रॉटरडॅमला दार उघडलं तेव्हा त्या दोन पॅलेटांची द्राक्षं काळी पडली होती, शेजारच्यांना बुरशी लागली होती. ग्राहकाने सगळा माल नाकारला. सोडण्याची सही हर्षलाची होती. मालकांनी तिला डिस्पॅचवरून काढून पुढच्या हंगामात पॅकिंगच्या टेबलांवर देखरेखीला टाकलं. शिक्षाच होती ती.

“मी याच्यावर सही करणार नाही,” मी म्हणाले. “खोटं बोलायचं नाही, खोट्याखाली सही करायची नाही, असा माझा नेम आहे. तुला ठाऊक आहे.”

“म्हणून तर वाचू नका म्हटलं होतं.”

“मी स्वतः लिहीन. हाताने. शनिवारपर्यंत देते.”

तिचा चेहरा उतरला. “खरं लिहाल?”

“दुसरं काय लिहिणार?”

“ते एक सोडून काहीही लिहा ना, मॅडम. मी उशिरा येते लिहा. हिशेबात कच्ची आहे लिहा. पण कंटेनर नको. दीडशे जागा आहेत आणि अर्ज हजारोंनी. चौथ्या प्रश्नाला ‘हिच्यामुळे माल सडला’ वाचल्यावर पाचवा कोण वाचेल?” मग ती उठली, कागद गोळा केले. “यंदा नाही झालं तर मे महिन्यात तुम्हाला पत्रिका आणून देते. दादांनी शब्द दिलाय लासलगावच्या स्थळाला. मुलगा दिसायला बरा आहे. बोलायला लागला की कळतं.”

दारात ती वळली. “तुमचा नेम तुमच्याजवळ राहील, मॅडम. माझं वर्ष जाईल.”

माझे नेम तेव्हाही होते, आजही आहेत. पहाटे तुळशीला पाणी, पोथीचा एक अध्याय, एक माळ जप. सोमवारी एक वेळ जेवण आणि सकाळी दहापर्यंत मौन. यात मोठेपणा काही नाही. कुणाला सकाळी चहा लागतो, मला हे लागतं. पॅकहाऊसमध्ये सगळ्यांच्या ते अंगवळणी पडलं होतं. सोमवारचा माल अकरानंतरच लावायचा, दहाच्या आत वडनेरेबाईंना काही विचारायचं नाही. मालक भास्करभाऊ कडलग थट्टा करायचे, “आमच्या बाई बाकीचे सहा दिवस तरी कुठं बोलतात?”

त्या संध्याकाळी भाऊच माझ्या टेबलाशी आले. हर्षलाने त्यांना गाठलं असणार.

“बाई, करून टाका की सही. मागच्या वर्षी मी दोन मिनिटांत केली. वाचलंसुद्धा नाही.”

“यंदा त्यांना जिच्या हाताखाली काम केलं तिचंच पत्र हवंय, भाऊ.”

“मग चांगलं लिहा. पोरगी हुशार आहे. एक चूक झाली, शिक्षा भोगली, विषय संपला.”

“चौथा प्रश्न चुकीबद्दलचाच आहे.”

“चूक सगळ्यांचीच होते. लिहितं कोण?” ते म्हणाले आणि किल्ल्या वाजवत निघून गेले.

गुरुवारी दुपारी मी लिहायला बसले. पहिले तीन प्रश्न सोपे गेले. चौथ्यासाठी मला आकडे अचूक हवे होते, कुठल्या पॅलेटचं किती तापमान, किती वाजता. चुकीचा आकडा हेही एक खोटंच. म्हणून मी कपाटातून त्या कंटेनरची फाइल काढली.

तापमानाचा तक्ता होता, ग्राहकाची तक्रार होती, काळ्या मण्यांचे फोटो होते. शेवटी हर्षलाचा खुलासा होता, तिच्या गोल अक्षरात, एकच पान. तारीख, वेळ आठ वाजून वीस मिनिटं. बोटीची वेळ अलीकडे आल्यामुळे कंटेनर लवकर लावावा लागला. दोन पॅलेट गरम असल्याचं माहीत असूनही मी सोडण्याचा निर्णय घेतला. आणि मग हे वाक्य: ‘त्या वेळी विभागात माझ्याशिवाय कोणीही हजर नव्हतं.’

त्याखाली डाव्या कोपऱ्यात ‘वाचले, बरोबर आहे’ असा शिक्का होता आणि शिक्क्यावर सही होती. अ. द. वडनेरे.

मी पेनाला टोपण लावलं.

कंटेनर गेला तो दिवस सोमवार होता. आई गेली त्या वर्षी मी साधं मौन सोडून काष्ठमौन घेतलं होतं. लाकडासारखं राहायचं. बोलायचं नाही, खूण करायची नाही, लिहूनही काही सांगायचं नाही. आठ वाजता मी माझ्या टेबलाशी होते, समोर आदल्या दिवसाच्या तपासणीचे अहवाल. हर्षला धावत आली. तिच्या हातात थर्मामीटर होता.

“मॅडम, कंटेनर आत्ताच भरायचाय. बोट दुपारचीच झाली. शिपिंगवाल्यांचा फोन होता.”

मी अहवालाकडे बघत राहिले.

“चौदा आणि पंधरा नंबरची पॅलेट पाच अंशांवर आहेत. बाकी सगळी बरोबर आहेत. चार तास मिळाले तर उतरतील, पण चार तास नाहीयेत. ठेवून घेऊ का दोन? मग कंटेनर अपुरा जाईल, भाऊ ओरडतील. भाऊंचा फोन लागत नाहीये, ते विमानात आहेत.”

माझ्या हाताखाली कागद होता, शेजारी पेन होतं.

“मॅडम, नुसतं ‘थांब’ म्हणा. नाहीतर नका म्हणू, नुसतं बघा माझ्याकडे. मी समजेन.”

मी बघितलं नाही. बघणं हीसुद्धा खूणच झाली असती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मला दिसत होता. मनात मी जप करत होते, आणि जप नीट होत नव्हता. ती दोन मिनिटं उभी होती, कदाचित तीन. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मग ती म्हणाली, “बरं,” आणि गेली.

दहा वाजता मी बोलले तेव्हा कंटेनर नाशिक ओलांडून पुढे गेला होता.

ती सकाळ मी विसरले होते असं नाही. पण बाजूला ठेवून दिली होती. मी खोटं काही बोलले नव्हते, मी बोललेच नव्हते, असं स्वतःला सांगितलं होतं. महिन्याने खुलासा माझ्यासमोर आला तेव्हा मी तो वाचला, शिक्का मारला, सही केली. भाऊंनी मला कधी विचारलं नाही त्या वेळी तुम्ही कुठे होतात. त्यांना वाटलं असेल शीतगृहात असेन. मीही सांगितलं नाही.

मी हर्षलाला बोलावलं. ती आली तेव्हा फाइल उघडीच होती.

“हे वाक्य का लिहिलंस?”

तिने वाकून बघितलं. “कुठलं? अच्छा, ते.”

“मी होते ना तिथे.”

“होता की. पण लिहिणार काय? ‘मॅडम समोर बसल्या होत्या पण बोलल्या नाहीत’? भाऊंनी तुम्हाला घरी बसवलं असतं. त्या वर्षी तुमच्या आईचंही तसं झालेलं.”

“म्हणून तू सगळं स्वतःवर घेतलंस?”

“मोठं करू नका, मॅडम.” तिने खुर्ची ओढली. “मला सांगा, बोलला असतात तर काय म्हणाला असतात?”

“थांबव म्हटलं असतं.”

“ते मला माहीतच होतं. तरी मी सही केली. अपुरा कंटेनर गेल्यावर भाऊ काय म्हणतील याचीच भीती जास्त होती. म्हणजे चूक माझीच ना? तुम्ही बोलला असतात तर माझी चूक झाकली गेली असती, एवढंच.”

मी फाइल मिटली.

“लिहिणार आहात ना हे?” तिने विचारलं.

“हो. सगळं. माझ्यासकट.”

“अहो मॅडम!” ती एकदम उठली. “ते प्रोफेसर अमेरिकेत शिकून आलेले असतात. त्यांना काष्ठमौन कसं सांगणार इंग्रजीत? ते म्हणतील ही मुलगी तरी कुठल्या मठात काम करते!”

“सांगेन जमेल तसं.”

“आणि त्यातून माझं काय दिसणार? नेतृत्व कुठंय यात? समाजकार्य कुठंय?”

तेवढ्यात माझी नजर तिच्यामागे दारावरच्या खिळ्याला गेली. तिथे लाल कापडाच्या पट्ट्यांचा झुबका लटकत होता.

“आणि त्या चिंध्या?” मी म्हणाले. “त्यांच्याबद्दल तू तुझ्या अर्जात काहीच लिहिलेलं नाहीस.”

“चिंध्यांचं काय लिहायचं?”

त्या तिनेच आणल्या होत्या, पॅकिंगवर टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात. पॅकिंगवरच्या गयाबाई जाधवांचं जुनं लाल लुगडं फाडून हातभर लांबीच्या पट्ट्या केल्या आणि टेबलावरच्या साठही बायकांना एकेक दिली. नियम एकच: ज्या पॅलेटवर चिंधी दिसेल ते हलवायचं नाही, पुन्हा तपासायचं. चिंधी कुणी बांधली, का बांधली, हे विचारायचं नाही. साहेबांनीही नाही. पहिल्या महिन्यात बायका लाजल्या. मग गयाबाईंनी एक बांधली. खाली खोकी ओली निघाली. त्यानंतर हंगामभर मिळून एकोणतीस पॅलेट थांबली, त्यातली बावीस खरोखर चुकीची होती. त्या वर्षी बाहेरून एकही तक्रार आली नाही. आम्ही सगळे म्हणत होतो, यंदा हवा चांगली होती.

“ही कल्पना तुला कशी सुचली?”

तिने खांदे उडवले. “त्या बायका साहेबांसमोर तोंड उघडत नाहीत. त्यांना दिसतं सगळं, पण बोलणार कोण? म्हटलं, ज्याला बोलता येत नाही त्यालाही माल थांबवता आला पाहिजे.” मग माझ्याकडे न बघता ती म्हणाली, “कुणाचं मौन असलं तरी.”

त्या पट्ट्यांतली एक हंगामभर माझ्याही टेबलाच्या ड्रॉवरमध्ये होती. तिनेच आणून ठेवली होती. मी त्यात पेन्सिली बांधून ठेवल्या होत्या.

पत्र लिहायच्या आधी मी भाऊंकडे गेले. कंपनीबाहेर जाणाऱ्या कागदात मालकाला माहीत नसलेली गोष्ट असू नये. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदा पंखा बंद केला, माझा आवाज मुळातच बारीक.

“म्हणजे त्या दिवशी तुम्ही केबिनमध्येच होतात.”

“हो.”

“आणि पावणेदोन वर्षांनी सांगताय.”

“हो.”

“तुम्ही, बाई?” ते म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. मग बराच वेळ ते टेबलावरच्या कागदांवरचं वजन फिरवत राहिले. “डिस्पॅचची सही यापुढे तुमच्या हाताखालच्या कानवड्याकडे द्या. आणि सोमवारी तुम्ही दहानंतरच येत जा. देवाचं देवापाशी करा. माझ्या फाटकात नको.”

“आणि पत्र?”

“लिहा. सगळं लिहा म्हणजे झालं.”

मी लिहिलं. साडेतीन पानं झाली. चौथ्या प्रश्नाखाली दोन पानं: वेळ, तापमान, माझं मौन, तिची सही, तिचा खुलासा, त्याच्याखालची माझी सही, आणि चिंध्या. पंचवीस वर्षांचं अठरा केलं. झाडांबद्दल काही लिहिलं नाही. लिफाफा चिकटवला आणि नियमाप्रमाणे जोडावर सही केली, म्हणजे मध्ये कुणी उघडला तर कळतं.

शनिवारी हर्षलाने तो दोन्ही हातांनी घेतला, वजन केल्यासारखा वरखाली केला.

“जाड आहे.”

“हो.”

“जोडावर सही केलीत. म्हणजे वाचताही येणार नाही.” ती हसली, पण डोळ्यांत पाणी होतं. “लासलगावला हो कळवू का आधीच?”

“थांब जरा,” मी म्हणाले.

डिसेंबरात तिला मुलाखतीचं बोलावणं आलं. ती जाऊन आली आणि फार काही सांगेना. “कंटेनरवरच अडकले,” एवढंच म्हणाली. “चाळीस मिनिटांतली तीस. मी सांगितलं ते आणि तुम्ही लिहिलंत ते जुळतं का बघत होते. मला कुठं माहीत तुम्ही काय लिहिलंय?” मग जानेवारीत एक दिवस ती धावत आली. संस्थेकडून निरोप होता की पत्र लिहिणाऱ्या वरिष्ठांना या आठवड्यात फोन येईल, त्यानंतरच निर्णय.

“तुमचा फोन चालू ठेवा, मॅडम. एकदाच करतात म्हणे ते. नाही उचलला तर फाइल बाजूला.”

मी तेव्हा सोमवारी फोन बंद करून घरी ठेवायचे. त्या सोमवारी पिशवीत ठेवला, चालू. हंगाम सुरू झाला होता, पण भाऊंच्या सांगण्याप्रमाणे मी दहानंतर कामावर जात होते. साडेआठला नदीकाठच्या महादेवाला बेल वाहिला आणि ओट्यावर माळ घेऊन बसले. थंडी होती. देवळात मी आणि घंटेखाली झोपलेलं एक कुत्रं.

माळ निम्मी झाली होती तेव्हा फोन वाजला. नंबर बाहेरगावचा.

पहिल्या घंटेला मला वाटलं, हा दुसरा कुणाचा तरी असेल. दुसरीला वाटलं, नसेल. तेवीस वर्षांत मी सोमवारचं मौन एकदाही मोडलं नव्हतं. सासरे गेले त्या सकाळीसुद्धा नाही. तिसऱ्या घंटेला कुत्र्याने मान वर केली. मी माळ ओट्यावर ठेवली. माळ पुरी झाल्याशिवाय मी ती कधी खाली ठेवत नाही.

“हॅलो,” मी म्हणाले. दिवसाचा पहिला शब्द घोगरा येतो.

पलीकडे एक बाई होत्या. इंग्रजीत, शांत, प्रत्येक शब्द सुटा करून बोलत होत्या. त्यांनी नाव सांगितलं, संस्थेचं नाव सांगितलं, हर्षला गांगुर्डेच्या अर्जाबद्दल पाच मिनिटं हवी आहेत म्हणाल्या. मग कागद उलटल्याचा आवाज आला आणि त्या थांबल्या.

“माफ करा,” त्या म्हणाल्या. “तुमच्या पत्रात आहे की सोमवारी सकाळी दहापर्यंत तुम्ही बोलत नाही. माझ्या आत्ता लक्षात आलं. आज सोमवार आहे, पावणेनऊ वाजलेत. मी दहानंतर पुन्हा फोन करू का?”

“नको,” मी म्हणाले. “आत्ताच विचारा.”

त्यांनी पुन्हा एक पान उलटलं. मग म्हणाल्या, “तुमचं पत्र वाचून असं वाटतं की चूक तिच्यापेक्षा तुमची जास्त होती. तुम्ही तिची बाजू घेताय का?”

“नाही. चूक तिची होती, ती तिने तेव्हाच मान्य केली. माझी वेगळी होती, ती मी मान्य करायला पावणेदोन वर्षं घेतली. तुम्हाला दोघींतली एक निवडायची असेल तर तिला घ्या.”

त्या हसल्या. “आणि या कापडाच्या पट्ट्या, त्या अजून चालू आहेत? की पत्रापुरत्या?”

मी पिशवीत हात घातला. पेन्सिली सोडवून ती चिंधी मी पत्र लिहिलं त्याच महिन्यात पिशवीच्या बंदाला बांधली होती. “एक माझ्या हातात आहे,” मी म्हणाले. मग त्यांनी आणखी विचारलं, मी सांगत गेले. गयाबाईंबद्दल, ओल्या खोक्यांबद्दल, हर्षला उशिरा येते आणि हिशेबात कच्ची आहे त्याबद्दलही. पाचाची वीस मिनिटं झाली. इतकं मी एका दमात आठवड्यातही बोलत नाही.

एप्रिलच्या शेवटी हर्षलाला प्रवेश मिळाला. लासलगावला तिच्या दादांनी काय कळवलं ते मी विचारलं नाही. निघायच्या दिवशी ती पेढे घेऊन आली, पाया पडली आणि म्हणाली, “आता तरी सांगा, काय लिहिलं होतंत?” मी म्हणाले, जे घडलं ते. ती म्हणाली, “नेहमीसारखंच मग.”

याला आता बारा वर्षं होतील. सोमवारचं मौन मी त्यानंतरच्याच सोमवारपासून पुन्हा धरलं, साधं, काष्ठमौन नाही. दहापर्यंत अजूनही बोलत नाही. फोन मात्र बंद करत नाही. ओट्यावर, माळेशेजारी ठेवते.